फुकटाची किंमत

वैशाख सरत आला म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याच्या व घाटावरच्या बाजारांतून ठाकूर, कातकरी बाया करवंदांच्या पाट्या घेऊन बसलेल्या दिसतात. पळसाच्या पानांचा द्रोण आणि त्यांत काळीभोर करवंदें. शेजारीं तोरणें, अळूं, आणि थोडे दिवस गेले कीं जांभळें. या मालाची पेरणी कोणीं केली नाहीं, त्यास खतपाणी कोणीं घातलें नाहीं. म्हणूनच कीं काय, आमचा सुशिक्षित ग्राहक त्या बाईशीं एका द्रोणासाठीं जी घासाघीस करतो, ती पेढीवरच्या मालाविषयीं कधींही करीत नाहीं. ‘रानांत फुकट मिळतें, त्याला इतके पैसे कशाचे?’ हा प्रश्न आम्हीं अनेक वेळां ऐकला आहे. आज त्याचें उत्तर देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

करवंदाच्या जाळीस कांटे असतात, फळ तोडतांच चीक बोटांस चिकटतो, आणि उन्हें चढण्यापूर्वीं पाटी भरावी तर अंधारांतच घर सोडावें लागतें. आपण जे पैसे देतों ते निसर्गास नव्हेत, या श्रमास देतों. आणि तीं फळें तरी बेवारस आहेत काय? २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावरील मालकी वनवासी लोकांची आहे हें स्पष्ट मान्य केलें. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवास त्याच कायद्यान्वयें २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्यानें जें कबूल केलें तें आमच्या बाजारानें अद्यापि मनापासून कबूल केलेलें नाहीं, ही खेदाची गोष्ट होय.

आतां या रानाचा माळी कोण तें पाहूं. बुलबुल करवंद गिळतो आणि बी दूर कोठें तरी टाकतो. हरियल, कोकीळ व धनेश हे वड, उंबर, पिंपळ यांचीं फळें खाऊन जगतात, आणि त्यांतील धनेशासारखे पक्षी तर मोठालीं बियाणें मैलोगणती वाहून नेतात. धनेशाची मादी जुन्या वृक्षाच्या ढोलींत स्वतःस कोंडून घेते. दाराला चोंच जाईल एवढीच फट ठेवते, आणि नर त्या फटींतून तिला व पुढें पिलांस फळें भरवीत राहतो. असा जुना वृक्ष एक पडला कीं एक घरटें जातें, आणि घरट्याबरोबर उद्यांच्या रानाची पेरणीही जाते. हरियल हा आमच्या राज्याचा पक्षी म्हणून आम्ही मिरवितों. परंतु रस्ता रुंद करावयाचा झाला कीं त्याचे अन्नदाते जे वड-पिंपळ, त्यांवरच पहिली कुऱ्हाड पडते! पोपट पिंजऱ्यांत ठेवणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहे. तरी स्वातंत्र्यावर व्याख्यानें देणाऱ्या गृहस्थांच्या ओसरीवरही तो कधीं कधीं आढळतो, यास काय म्हणावें?

तिसरें देणें पावसाचें. एकट्या सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि माण तालुक्यास त्याचा दहावा हिस्साही जेमतेम मिळतो. निसर्गाचा हा पंक्तिप्रपंच आपल्या हातचा नाहीं. पण जें पदरीं पडतें त्याचें आपण काय करतों? एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडींत सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें. आतां शंभर चौरस मीटरांच्या छपरावर केवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तरी ५०,००० लिटर पाणी होतें. म्हणजे ती सबंध गाडी अशा दहा छपरांवरून गटारांत वाहून गेलेल्या पाण्याएवढी! साधारण वर्षीं लातुरास याहून अधिक पाऊस होतो. हा हिशेब आमच्या व्यापारी वाचकांस अधिक समजावून सांगण्याची गरज नाहीं.

उपाय नवाही नाहीं. पावसाचें पाणी शेतांतच मुरावें म्हणून ताली व बंधारे घालावेत, असें महात्मा फुले यांनीं १८८३ सालींच ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत लिहून ठेविलें. नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारानें १९८९ नंतर तेंच करून दाखविलें; त्या गांवांत वर्षाचा पाऊस मोजून मग पिकें ठरवितात.

परंतु पाणी सांठविल्यानें अर्धेंच काम होतें. उरलेलें अर्धें वांटण्याचें. त्याच फुल्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, आणि तरीही १९२७ सालीं महाडच्या तळ्याचें पाणी पिण्यासाठीं डॉ. आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला. मेघानें जें जात न विचारतां दिलें, त्यावर मनुष्यानें पहारा बसविला! आज तो पहारा पुष्कळ ठिकाणीं पैशाचा आहे. ज्याच्यापाशीं धन, त्याची कूपनलिका खोल. आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी.

कोणी म्हणतील, व्यवहारांत कृतज्ञता चालत नाहीं. आम्ही तिला हिशेबांतील प्रामाणिकपणा म्हणतों. ज्याचें मोल दिलें नाहीं तो माल फुकट नसतो. तो उधारीवर घेतलेला असतो, आणि ती उधारी पुढील पिढीच्या नांवें पडते. तेव्हां मृगापूर्वीं प्रत्येकानें आपल्या छपराचें पाणी विहिरींत किंवा जमिनींत उतरविण्याची तजवीज करावी. नगरपालिकांनीं उंबर-वड तोडण्यापूर्वीं रस्ता वळवितां येतो कीं नाहीं हें पाहावें. पिंजरे रिकामे करावेत. आणि पुढच्या बाजारीं त्या करवंदवालीनें सांगितलेला दर मुकाट्यानें तिच्या हातावर ठेवावा. आरंभ करण्यास याहून सोपें काम आम्हांस दिसत नाहीं.