‘रिकाम्या’ टाकीचे वेल्डिंग

मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये वेल्डिंग चालू असताना इंधनाच्या टाकीचा भडका उडून कामगार भाजल्याची बातमी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येते, आणि त्या चार ओळींत ‘निष्काळजीपणा’ हा शब्द बहुधा असतोच. पंचनामाही त्याच शब्दापाशी थांबतो. मेलेला अथवा जायबंदी झालेला माणूस त्या शब्दाला उत्तर देऊ शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने हा शब्द तपासून पाहणे अगत्याचे आहे.

अपघाताचे मूळ ज्या समजुतीत आहे ती समजूत अशी की, टाकी भरलेली असेल तर धोका आणि रिकामी असेल तर निर्धास्तता. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. जळते ते द्रवरूप पेट्रोल नव्हे, त्याची वाफ. आणि तीही हवेत विशिष्ट प्रमाणात मिसळली तरच. हे प्रमाण सुमारे १.४ टक्क्यांपासून ७.६ टक्क्यांपर्यंतचे आहे. काठोकाठ भरलेल्या टाकीत पेट्रोलवरच्या थोड्या पोकळीत वाफ इतकी दाट असते की तिला पेटण्यापुरती हवाच मिळत नाही. पेट्रोल काढून घेतले की आत हवा शिरते, आणि तळाशी, सांध्यात व गंजाच्या खपल्यांत राहिलेला ओलावा वाफ होऊन तिच्यात मिसळू लागतो. चाळीस लिटरच्या टाकीत स्फोटक मिश्रण तयार व्हायला चहाच्या चमच्याएवढे पेट्रोल पुरते. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेटण्याजोगी वाफ सोडते, तेव्हा आपल्याकडच्या उन्हाळ्याची गोष्टच नको. डिझेल इतक्या सहज पेटत नाही हे खरे. पण ज्वाळेने वा आर्कने तापलेल्या पत्र्याला आतून चिकटलेले डिझेलही वाफ होतेच. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कजवळ समुद्रावर टीडब्ल्यूए कंपनीचे विमान आकाशात फुटून २३० माणसे मेली. चार वर्षांच्या तपासाअंती अमेरिकी तज्ज्ञांनी जे कारण दिले ते मधल्या, जवळजवळ रिकाम्या टाकीतील वाफेच्या स्फोटाचे होते.

‘वीस वर्षे हेच करतो आहे, कधी काही झाले नाही,’ असे कसलेला मेस्त्री सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. स्फोटाची मर्यादा इतकी अरुंद आहे की अनेकदा वाफ फार विरळ असते, अनेकदा फार दाट असते, आणि ठिणगी पडूनही काही होत नाही. वर्षानुवर्षांचा हा योगायोग मेस्त्रीला कौशल्य वाटू लागतो. हाताखालचा पोऱ्याही तेच पाहून शिकतो. इतर कारागिरीत अनुभव माणसाला शहाणे करतो. येथे तो फसवतो, आणि फसवणूक उघडी पडते ती एकदाच.

करावयाचे काय, हे मात्र गूढ नाही. सायलेन्सरचा पट्टा तुटला, चेसिसला तडा गेला, मागचा पत्रा गंजला, ही कामे टाकीच्या शेजारची आहेत. तेथे पहिला प्रश्न असा विचारावा की नट-बोल्टने भागते का? भागत असेल तर वेल्डिंग करूच नये. भागत नसेल तर टाकी उतरवून कामाच्या जागेपासून दूर, मोकळ्या हवेत न्यावी. पस्तीस फुटांच्या आत पेटण्याजोगे काही असू नये हा जगभर मानला जाणारा दंडक आहे, कारण ठिणग्या तेवढ्या लांब जातात. केवळ टाकी उतरवून भागत नाही. नव्या गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही इंधनाच्या नळीत दाब राहतो. तो आधी सोडावा लागतो आणि नळ्यांची तोंडे बंद करावी लागतात. बॅटरीची तार काढावी, अर्थिंगचा चिमटा झाळायच्या जागेच्या अगदी लगत लावावा. नाहीतर परतीचा प्रवाह भलत्याच मार्गाने फिरून कुठेतरी ठिणगी पाडतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने ती वर उडून न जाता जमिनीलगत सरपटते आणि खड्ड्यात साचते. म्हणून गाडीखालच्या खड्ड्यात उतरून वेल्डिंग करणे हा सर्वांत वाईट प्रकार होय. पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला फोम, गालिचा, वायरी असतात; त्या आधी काढाव्यात. एक माणूस अग्निशामक नळकांडे व ओली गोणपाटे घेऊन नुसता लक्ष ठेवायला उभा हवा, आणि काम संपल्यावरही तासभर त्याने हलू नये. आत धुमसणारी आग उशिरा दिसते.

खुद्द टाकीच गळत असेल तर प्रश्न अधिक बिकट. पाण्याने दोनदा विसळली की टाकी ‘धुतली’ असे गॅरेजमध्ये मानतात. परंतु आतला चिकट थर साध्या पाण्याने जात नाही, आणि गरम होताच तो पुन्हा वाफ सोडतो. वाफेने धुणे, नायट्रोजनसारखा न जळणारा वायू भरणे, आणि वायुमापकाने तपासून मगच ज्वाला लावणे हा खरा मार्ग. प्लॅस्टिकच्या टाकीला तर ज्वाला दाखवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सीएनजीच्या सिलिंडरवर वेल्डिंग म्हणजे बॉम्बवर वेल्डिंग.

हे सारे मेस्त्रीला अजिबात ठाऊक नसते असे नाही. टाकी उतरवायला दीड-दोन तास लागतात, आणि त्या दोन तासांचे पैसे कोणी देत नाही. रिक्षा-टॅक्सीवाल्याची गाडी संध्याकाळी रस्त्यावर आली नाही तर त्याची दिवसाची कमाई बुडते. गॅरेजमालक स्वतःच बहुधा कालचा मेस्त्री, भाड्याच्या गाळ्यात कर्जाखाली दबलेला. वेल्डरला मजुरी मिळते ती कामाच्या नगावर. या साखळीत सुरक्षिततेचा खर्च कोणीच उचलत नाही, म्हणून तो शेवटी सर्वांत खालच्या माणसाच्या कातडीवर येऊन पडतो. यालाच पंचनाम्यात निष्काळजीपणा म्हणतात!

कायदा या बाबतीत अज्ञानी होता असेही नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३७ ने ज्वालाग्राही पदार्थ असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या टाकीवर, तो पदार्थ आणि त्याची वाफ काढून टाकल्यावाचून अथवा निर्धोक केल्यावाचून, वेल्डिंग वा कापकाम करण्यास स्पष्ट मनाई केली होती. ‘पूर्वी असलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे. कायदा करणाऱ्यांना रिकाम्या टाकीचे मर्म कळले होते. परंतु वीज वापरणाऱ्या जागेत दहा कामगार असतील तरच तो कारखाना ठरे. महाराष्ट्राने ही मर्यादा वीसवर नेली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय संहितेनेही वीसच धरली. कुर्ल्यात काय किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय, चार-पाच माणसांचे गॅरेज या व्याख्येत बसत नाही. वाफेला मात्र कामगारांची संख्या मोजता येत नाही. हाताखालच्या मुलांची गोष्ट आणखी गंभीर आहे. २०१६ च्या दुरुस्तीने अठरा वर्षांखालील मुलांना ज्वालाग्राही पदार्थांच्या कामावर ठेवण्यास बंदी केली. टाकीतले पेट्रोल नळीने तोंडाने ओढून काढणारा पोऱ्या किती वर्षांचा असतो, हे कोणत्याही गॅरेजच्या दारात उभे राहिल्यास दिसते.

म्हणून निव्वळ भित्तिपत्रके लावून हा प्रश्न सुटणार नाही. छोट्या गॅरेजांना मोठ्या कारखान्याचे नियम जसेच्या तसे लावून त्यांना टाळे ठोकण्याची मागणीही शहाणपणाची नाही. त्याने उघड्यावरचे वेल्डिंग गल्लीत जाईल एवढेच. प्रत्येक गॅरेज-वस्तीत टाक्या धुण्याचे व तपासण्याचे एक सामाईक केंद्र, नगरपालिकेच्या जागेत आणि गॅरेजचालकांच्या सहकारी संस्थेच्या ताब्यात, उभे करणे अशक्य नाही. एक वायुमापक पन्नास गॅरेजांना पुरतो. टाकी उतरवण्याची मजुरी बिलात वेगळी लिहिली जावी, असा ठराव रिक्षा-टॅक्सी युनियन आणि गॅरेज कामगारांनी एकत्र बसून केला तर गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्यातील घासाघीस निदान माणसाच्या जिवावर होणार नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने या कामाचे प्रशिक्षण वस्तीत येऊन, मराठीत व हिंदीत, संध्याकाळी द्यावे, अशी मागणी कार्यकर्त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून करावी. दरम्यान प्रत्येक शाखेने आपल्या भागातील गॅरेजे मोजावीत, आणि कोणत्या गॅरेजात अग्निशामक नळकांडे आहे, ते केव्हा भरले होते आणि ते वापरता कोणाला येते, याची यादी या पावसाळ्याआधी तयार करावी.