सिव्हिल म्हणजे उरलंसुरलं?

दहावीच्या मुलांना 'करिअर मार्गदर्शन' म्हणून जे काही ऐकवलं जातं, त्यात सिव्हिल इंजिनियरिंगची पाळी शेवटी येते. कॉम्प्युटरला नंबर नाही लागला तर आहेच! पडद्यावर बुर्ज खलिफा, पिवळं हेल्मेट घातलेला हसरा माणूस, मग पगाराचा आकडा. झालं मार्गदर्शन.

अहो, पुण्यातल्या शाळांना बुर्ज खलिफा कशाला हवा? खडकवासला हाकेच्या अंतरावर आहे. चढत्या पाण्याच्याच जोरावर आपोआप उघडणारे दरवाजे विश्वेश्वरय्यांनी तिथे बसवले, १९०३ साली! आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. काम अपुरं असताना पाणी अडवलं होतं. त्याच दिवशी खडकवासलाही फुटलं, नदीकाठच्या पेठा बुडाल्या. हे मुलांना आजीकडून कळतं, शाळेतून नाही. मातीचं धरण का फुटतं, हे द्रवाच्या दाबाच्या धड्यातच सांगता येईल की.

"पोरं घाबरतील" म्हणे. घाबरू देत! महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या घेऊन. जुना पूल तपासणं हेही सिव्हिलच, हे कुठला मार्गदर्शक सांगतो? (मुलींना साइट झेपत नाही, हे मात्र न विचारता सांगतात.)

१५ सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या जयंतीला, अभियंता दिन असतो. त्या दिवशी फोटोला हार घालून भाषणं ठोकण्यापेक्षा पाटबंधारे खात्याची परवानगी काढा, एक एसटी ठरवा, आणि धरणावरच्या इंजिनियरला मुलांना हवं ते विचारू द्या.