विश्लेषण : परदेश सहलीत पैसे नेमके कुठे गळतात? कर, कार्ड आणि चलनाचे नियम काय सांगतात?

सुट्ट्या जवळ आल्या की पुण्यातल्या अनेक घरांत परदेश सहलीची आकडेमोड सुरू होते. चर्चा विमानाचे तिकीट आणि डॉलरचा भाव यांभोवतीच फिरते. पण बरेच पैसे जातात ते कर, कार्डावरचे शुल्क आणि चलन बदलताना. २०२३ पासून यातले काही नियम एकाहून अधिक वेळा बदलले आहेत.

पुण्याहून की मुंबईहून?

लोहगावहून थेट परदेशी उड्डाणे मोजकीच असल्याने अनेक पुणेकर मुंबई गाठतात. मुंबईचे तिकीट स्वस्त दिसले तरी तुलना घरापासून करावी लागते. स्वारगेटहून एसटीने मुंबईला जाणे एकट्या प्रवाशाला परवडते. चौघांच्या कुटुंबाला सामान घेऊन मध्यरात्रीचे विमान पकडायचे असेल, तर दोन्ही वेळची टॅक्सी आणि टोल मिळून तिकिटातली बचत संपू शकते. लोहगावसाठी मेट्रोचा पर्याय आहे. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून रामवाडीपर्यंत जाता येते. तिथून विमानतळापर्यंतचे थोडेच अंतर उरते.

टीसीएस म्हणजे काय?

विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच ग्राहकाकडून घेऊन सरकारजमा करायचा कर म्हणजे टीसीएस. ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी टूर पॅकेजवर ७ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के टीसीएस लागू झाला. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० लाखांवर गेली. २०२६ च्या अर्थसंकल्पात रकमेची अट काढून हा दर सरसकट २ टक्के करण्याची घोषणा झाली. ६ लाखांच्या पॅकेजवर पूर्वी ३० हजार रुपये भरावे लागत. २ टक्के दराने ही रक्कम १२ हजार होते.

हे पैसे परत मिळतात का?

मिळतात, पण आपोआप नाही. टीसीएस हा आगाऊ भरलेला प्राप्तिकर आहे. विवरणपत्र भरताना तो देय करातून वजा होतो आणि जास्त भरला असेल तर परतावा मिळतो. पगारदारांना ऑक्टोबर २०२४ पासून ही रक्कम कंपनीला कळवून पगारातून कापल्या जाणाऱ्या करात वळती करून घेता येते. खरा फटका बसतो तो करपात्र उत्पन्न नसल्याने विवरणपत्रच न भरणाऱ्यांना, विशेषतः निवृत्त ज्येष्ठांना. पॅकेज त्यांच्या पॅनवर घेतले आणि विवरणपत्र भरले नाही, तर ती रक्कम सरकारकडेच राहते.

स्वतः बुकिंग केले तर?

फक्त विमानाचे तिकीट किंवा फक्त हॉटेल घेतले तर ते 'पॅकेज' ठरत नाही, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. प्रवासासाठी बँकेतून किंवा परवानाधारक विक्रेत्याकडून घेतलेल्या चलनावर आर्थिक वर्षात प्रतिव्यक्ती १० लाखांपर्यंत टीसीएस नाही, त्यापुढे मात्र २० टक्के आहे. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च या हिशेबात धरण्याचा निर्णय मे २०२३ मध्ये झाला होता. तो जूनअखेरीस लांबणीवर टाकण्यात आला.

मग कार्डच स्वस्त का नाही?

टीसीएस नसला तरी बहुतेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनातील व्यवहारासाठी २ ते ३.५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. ३.५ टक्के दराने २ लाखांच्या खर्चावर ७,००० रुपये शुल्क आणि १,२६० रुपये जीएसटी, म्हणजे एकूण ८,२६० रुपये जातात. हे शुल्क न घेणारी कार्डेही बाजारात आहेत. निघण्यापूर्वी आपल्या कार्डाचा दर बँकेकडून तपासून घेणे सोपे असते.

दुसरी गळती परदेशातल्या दुकानात होते. कार्ड यंत्रावर 'रुपयांत द्यायचे की स्थानिक चलनात?' असा प्रश्न येतो. रुपये ओळखीचे म्हणून अनेक जण तेच निवडतात. पण तेव्हा विनिमयाचा दर समोरची यंत्रणा ठरवते आणि तो सहसा महाग असतो. स्थानिक चलन निवडणे बहुतेक वेळा फायद्याचे ठरते.

रोख किती न्यावी?

बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच्या परकीय नोटा नेता येतात; बाकी रक्कम फॉरेक्स कार्डावर भरता येते. चलन घेताना रोखीने ५० हजार रुपयांपेक्षा कमीच देता येतात, त्यापुढे बँकेमार्फत. १ लाखाच्या चलनावर जीएसटी फक्त १८० रुपये असतो. त्यामुळे खरा फरक विक्रेत्याच्या दरात असतो. दोन-तीन ठिकाणी 'सगळे धरून हातात किती डॉलर?' एवढेच विचारले तरी तुलना होते. उरलेल्या नोटांपैकी २,००० डॉलरपर्यंत स्वतःकडे ठेवता येतात. त्यावरच्या परतल्यावर १८० दिवसांत बँकेत किंवा विक्रेत्याकडे द्याव्या लागतात.

थोडक्यात, पॅकेज कोणाच्या पॅनवर घेतले, कोणते कार्ड वापरले आणि यंत्रावर कोणते चलन निवडले, यावर काही हजारांचा फरक पडतो. तो हिशेब बुकिंगपूर्वीच केलेला बरा. आणि ज्याच्या पॅनवर टीसीएस कापला गेला, त्याचे विवरणपत्र भरले जाईल याची खात्री घरातल्या कोणीतरी करायलाच हवी.