ठोक्याचा तपास आणि तपासाचे मोल

मोटारसायकल धावत असताना मागील चाकाच्या आसपास ठरावीक अंतराने ‘टक्, टक्’ असा ठोका ऐकू येऊ लागला, की आपल्याकडील पुष्कळशा गॅरेजांत त्यावर एकच तजवीज होते, ती म्हणजे चेनसेट बदलण्याची. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटे असा सारा सरंजाम नवा बसतो, बिल चुकते होते, आणि पुष्कळदा चार दिवसांनी तोच ठोका पुन्हा रुजू होतो. याचे खापर कारागिराच्या अज्ञानावर फोडण्याची रीत आहे; मला मात्र दोष आपण ग्राहकांनी रूढ केलेल्या हिशेबाचा वाटतो, कारण सुट्या भागांचे आणि ते बसविण्याच्या मजुरीचे पैसे आपण कुरकुरत का होईना देतो, परंतु बिघाड हुडकण्यात खर्ची पडलेल्या वेळेचे व बुद्धीचे मोल द्यावयाचे असते, ही कल्पनाच आपल्या गावी नसते.

वास्तविक या तपासाला उत्तम शास्त्र आहे. इंजिनाची शक्ती क्लच, गिअरबॉक्स, पुढचे स्प्रॉकेट, चेन, मागचे स्प्रॉकेट आणि हबमधील रबरे अशा मार्गाने चाकापर्यंत पोहोचते, आणि या मार्गावरील भाग निरनिराळ्या गतींनी फिरत असल्यामुळे ठोक्याच्या आवर्तनावरूनच त्याचा ठावठिकाणा बराचसा लागतो. पुढे १४ व मागे ४२ दात आणि १२० कड्यांची चेन असलेली गाडी उदाहरणादाखल घेऊ. मागचे चाक एकदा फिरते तेवढ्यात पुढचे स्प्रॉकेट ३ वेळा फिरते. उलट, चेनचा एक फेरा पुरा होण्यास चाकाला जवळजवळ ३ फेरे घ्यावे लागतात. तेव्हा गाडी मेन स्टँडवर चढवून, इंजिन बंद व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, टायरवर खडूची खूण करून चाक हाताने संथपणे फिरवावे. खूण वर येताना दर वेळी ठोका आला, तर संशयित मागच्या स्प्रॉकेटचा दात किंवा चाकाबरोबर फिरणारा दुसरा एखादा भाग. एका फेऱ्यात तीनदा आला, तर पुढचे स्प्रॉकेट. आणि सुमारे तीन फेऱ्यांनी एकदा आला, तर चेनचे एखादे कडे आखडलेले असावे. असमान झिजलेल्या चेनचा ढिलेपणा ठिकठिकाणी मोजला, तर एके जागी ती ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती सापडते.

हाताने फिरविताना मौन पाळणारा, पण ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा पिळताच ‘धप्प’ असा दणका देणारा आवाज बहुधा हबच्या रबरांचा असतो. चाक घट्ट धरून मागचे स्प्रॉकेट पुढे-मागे हलविले असता ते मोकळेपणी हलते, आणि चेनसेटच्या मानाने या रबरांची किंमत क्षुल्लक असते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना येणारा ठोका क्लच दाबताच थांबला, तर क्लच व गिअरबॉक्सकडे वळावे. चढावर वरच्या गिअरमध्ये उमटणारी टणटण मात्र पुष्कळदा सिलिंडरातील अवेळी ज्वलनाची असते, आणि तिच्यासाठी चेन सोडणे हा निव्वळ अन्याय होय!

लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या कव्हरवर टेकवून मुठीला कान लावणारा मेकॅनिक पाहिला, की शेजारी उभा असलेला गाडीमालक घड्याळाकडे पाहू लागतो. त्याच मालकाला वैद्याने नाडी पाहण्याची फी मागितली, तर तो ती निमूटपणे देतो. इथे मात्र काही तरी बदलल्यावाचून पैसे मागण्याची सोय नसल्यामुळे प्रामाणिक कारागिरालाही काही तरी बदलावे लागते.

म्हणून दरपत्रकावर ‘तपासणीचा आकार’ हे कलम स्वतंत्र असावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. याचा गैरफायदा घेतला जाईल, तपास न करताच आकारणी होईल, हा आक्षेप निराधार नाही. परंतु आवाज कोठून, कोणत्या परिस्थितीत आणि किती फेऱ्यांनी येतो, एवढी कैफियत बिलावर दोन ओळींत लिहून घेतली आणि बदललेला जुना भाग परत मागितला, तर लबाडीला फारसा वाव उरत नाही. मात्र ‘चेनला थोडे तेल दिले, बाकी काही बदलावयाचे नाही’ असे कारागिराने सांगितले, तरी तो आकार घासाघीस न करता द्यावयास ग्राहकाने तयार असले पाहिजे.