विश्लेषण : वेग मोजायचा डेटाबेसचा की संपूर्ण प्रणालीचा?

संकेतस्थळ गर्दीत अडखळले, की नवा सर्व्हर घ्यायचा की डेटाबेस सुधारायचा, हा खर्चिक प्रश्न उभा राहतो. उत्तर योग्य चाचणीत असते.

फरक काय?
पोस्टग्रेससोबत मिळणारे 'पीजीबेंच' डेटाबेसवर भार टाकून सेकंदाला किती व्यवहार होतात, ते मोजते. १९९२ मधील 'टीपीसी-सी' मानक घाऊक विक्रेत्याच्या पाच प्रकारच्या व्यवहारांतून हार्डवेअरसह प्रणाली तपासते. मिनिटाला किती नव्या ऑर्डर आणि त्यासाठी किती खर्च, हेही सांगते.

कोणती निवडावी?
डेटाबेसची सेटिंग बदलून पाहायची, तर यंत्र तेच ठेवून पहिली पुरते. खरेदीसाठी दुसऱ्या प्रकारची हवी. मात्र अॅपचा कोडच संथ असेल, तर दोन्ही आकडे उत्तम येऊनही ग्राहक ताटकळतच राहतो. म्हणून अखेरची चाचणी स्वतःच्या अॅपवर, खऱ्या गर्दीइतका भार टाकूनच घ्यावी.