प्रत्येकाचं पटतं तेव्हा

दिवाळीला घर भरतं. मुंबई-पुण्याची भावंडं गावी येतात आणि फराळाच्या वेळी ज्यावर कुणी बोलत नाही ते विषयही घरातच असतात: शेताची वाटणी, घराची डागडुजी, आईने कुणाकडे राहायचं. कुठे कुठे भाऊबीजेला ओवाळणाऱ्या बहिणीसमोर त्याच मुक्कामात हक्कसोडपत्र ठेवलं जातं. वडिलोपार्जित मालमत्तेत लेकींना मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने तीही अट गेली. तरी माहेर तुटेल या धास्तीने कितीतरी जणी मुकाट्याने सही करतात. आवाज चढत नाही, म्हणून घरात भांडण नाही असं आपण समजतो.

चढलेला आवाज ऐकायला टीव्ही आहेच. मालिकेत कारस्थानी जाऊ, बातम्यांत एकमेकांवर ओरडणारे पाहुणे. वाईट कोण हे आधीच ठरलेलं असतं, आपण फक्त त्याच्या हरण्याची वाट बघायची. अशा करमणुकीची सवय लागली की घरातल्या माणसांतही आपण खलनायक शोधू लागतो, याची मला खरी काळजी वाटते.

खलनायकाशिवायचं भांडणही असतं. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक विजया मेहतांनी १९८५ साली रंगमंचावर आणलं. धरणगावकर देशपांड्यांचा कर्ता पुरुष गेलेला, आणि तेराव्याच्या खर्चावरून भावाभावांत शब्दाला शब्द लागतो. थोरला भास्कर घराण्याच्या इभ्रतीत रुतलेला. मुंबईच्या सुधीरला ओढाताणीच्या संसारात हा खर्च झेपणारा नाही. चंदू राबत राहतो, त्याला कुणी विचारत नाही. आणि बहीण प्रभा! शिकायची एवढी आस असलेल्या त्या मुलीचं शिक्षण घरानेच अडवलेलं. ज्याचं ऐकावं त्याचं पटतं. राग काढायला एकही माणूस सापडत नाही, म्हणून ते भांडण बघवत नाही आणि नजरही हटत नाही.

यंदाच्या दिवाळी अंकासाठी कथा निवडताना आम्ही हेच पाहिलं: लेखकाने दुसऱ्या बाजूच्या माणसाला मनापासून बोलू दिलं आहे का? तशा कथा थोड्याच मिळाल्या; त्या पुढे आहेत. दिवाळीच्या शुभेच्छा देताना एक विनंती. घरातला वाटणीचा विषय यंदा निघालाच, तर बहिणीला आधी बोलू द्या, आणि तिचं पूर्ण होईपर्यंत कागद बाहेर काढू नका.