प्रबंध युरोपचा, वाचन कुणाचे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवी शिक्षणाचा आराखडा जाहीर केला. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते आणि त्यासाठी १२ श्रेयांकांचा प्रबंध लिहावा लागतो. ही संधी स्वागतार्ह आहे. आपल्या समाजातील काही मुलेमुली युरोपीय संस्कृतीचा विषय निवडतील, त्यांनी तो निवडावाच. परंतु या विषयावर प्रबंध लिहिण्याची जी रीत रूढ झाली आहे, ती त्यांनी डोळे झाकून उचलू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

रूढ रीत अशी : पहिल्या प्रकरणात फूको, दुसऱ्यात एडवर्ड सैद, आणि तिसऱ्यात, जागा उरलीच तर, मूळ कलाकृती, तीही इंग्रजी भाषांतरातून. निष्कर्ष आधीच शिजवून ठेवलेला असतो : धर्म म्हणजे सत्तेचे हत्यार. मग दान्ते असो वा बाखचे संगीत असो, त्या हत्याराचा एक नमुना म्हणून त्याची नोंद होते आणि प्रबंध बांधणीला जातो. ज्याने स्तोत्रसंहिता कधी उघडली नाही, पवित्र सप्ताहातील उपासनेचा क्रम ज्याला ठाऊक नाही, तो बाखच्या ‘संत मत्तयकृत दुःखसहना’वर कोणत्या बळावर निर्णय देणार?

यावर उत्तर ठरलेले आहे : ‘फादर, तुम्हांला संशोधन नको, भक्ती हवी आहे.’ मुळीच नाही. माझा साक्षीदार ख्रिस्ती नाही. एरिक आवरबाख हा जर्मन ज्यू विद्वान. नाझी राजवटीने १९३५ साली त्याला मारबुर्गच्या अध्यापनपदावरून दूर केले. इस्तंबूलमध्ये निर्वासिताचे जिणे जगत, महायुद्धाच्या काळात, त्याने ‘मिमेसिस’ हा ग्रंथ लिहिला; तो १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकरणामागून प्रकरण तो आधी मूळ उतारा समोर ठेवतो, मग बोलतो. मार्कच्या शुभवर्तमानातील पेत्राच्या नाकारण्याचा प्रसंग घेऊन तो दाखवतो की, एका सामान्य कोळ्याच्या अंतःकरणातील उलथापालथ इतक्या गांभीर्याने मांडणे ग्रीक-रोमन साहित्याच्या शैलीसंकेतांत बसणारे नव्हते. हा निष्कर्ष त्याला श्रद्धेने दिला नाही, वाचनाने दिला. आणि गंमत पाहा, ज्या सैदच्या नावावर मूळ ग्रंथ बाजूला सारले जातात, त्याच सैदने २००३ साली ‘मिमेसिस’च्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली!

आपल्यातील काहींना याच्या उलट टोकाचे, म्हणजे ख्रिस्तसभेचे पोवाडे गाणारे, प्रबंध हवे असतात. त्यांनाही माझा तितकाच विरोध आहे. गोव्यात १५६० साली स्थापन झालेले इन्क्विझिशन कायमचे बंद व्हायला १८१२ साल उजाडले, आणि १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने कोंकणीवर बंदीचा हुकूम काढला. हेही युरोपच्याच संस्कृतीचे पान आहे. ते झाकणारा प्रबंध खोटा ठरेल. पण तेही पान मूळ कागद वाचूनच उलगडावे, ऐकीव संतापावर नव्हे.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे सरळ आहे. एकच ग्रंथ घ्या, त्याच्या मूळ भाषेत वाचा, आणि सिद्धान्ताला त्याच्या मागून येऊ द्या. आपल्याला तर दूर जाण्याचेही कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ युरोपीय प्रबोधनकाळात घडलेल्या एका मनाने मराठीत लिहिला. त्याच्यावर लिहू पाहणाऱ्या लंडन-लिस्बनच्या विद्यार्थ्याला आधी मराठी शिकावी लागेल, तीही चारशे वर्षांपूर्वीची. आपल्या मुलांच्या हाती ही किल्ली घरातूनच आली आहे. तिला गंज चढू देऊन त्यांनी परक्यांच्या प्रस्तावनांचा गोषवारा लिहीत बसावे, यात कसला सन्मान? आणि पदवीच्या नावात तर ‘सन्मान’ हाच शब्द आहे.